पट परत आला, पटाची दान कुठं गेली?

राजेहो, थोडं लांबलचक लिहितो आहे. वडसा, आरमोरी, कुरखेडा, लाखांदूर, अर्जुनी, ब्रह्मपुरी, नागभीड या पट्ट्यातल्या लोकांनी तरी शेवटपर्यंत वाचा. पटलं नाही तर खाली भांडा, पण वाचून भांडा.

शंकरपट परत आला याचा सगळ्यांना आनंद आहे. मलाही आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसोबत आपल्या बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, ती हायकोर्टात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला. सात-साडेसात वर्षं पट बंद होता. त्यातली शेवटची दोन कोरोनानं खाल्ली.

आता पुन्हा धान निघालं, मंडई आटोपली की फलक लागतात. 'भव्य इनामी शंकरपट' वर, खाली नाटकाचं नाव, त्याच्या खाली नेत्यांचे फोटो. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा भरतात. दिवसा पट, रात्री दहाला नाटक, पहाटे चहा. घरोघरी पाहुणे. सोयरिकी जुळतात त्या याच दिवसांत. सगळं परत आलं.

फक्त पटाची दाण परत आली नाही. दाण म्हणजे जोड्या धावायची पट्टी. आपल्या बोलीत 'ण' टिकत नाही, म्हणून आपण म्हणतो दान. नव्या पोरांना हा शब्दही समजत नाही, ते 'ट्रॅक' म्हणतात. शब्द जातो तेव्हा समजायचं, वस्तू आधीच गेलेली आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. पट वाचवायचा असेल तर बक्षिसं वाढवून वाचणार नाही. गावाची दान गावाच्या नावावर परत आणावी लागेल. आणि ती आणताना तिथं ढोरं चारणाऱ्यांना विचारूनच आणावी लागेल. या दोन गोष्टींपैकी एक सोडली तर दुसरी टिकत नाही.

आधी दान गेली कशी ते बघू.

ही पट्टी म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे. दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतील एवढी रुंद, सरळ, सपाट, खड्डा नसलेली, वर्षानुवर्षं खुरांनी बसलेली जमीन. पावसाळ्यात तिच्यावर गवत यायचं, ढोरं चरायची. हिवाळ्यात गावातले लोक जमून दगड वेचायचे, खड्डे बुजवायचे. कुठं ती गायरानात होती, कुठं आखराला लागून, कुठं आटलेल्या तलावाच्या पोटात. ज्या गावाला अशी जागा नव्हती तिथं धान कापलेल्या बांध्यांचे धुरे फोडून दान काढायचे आणि मालकाला दोन शब्द गोड बोलायचे.

हे चाललं, कारण त्या जमिनीकडे सगळ्या गावाचं लक्ष होतं. मालगुजारीच्या काळात हुकूम मालगुजाराचा होता. त्याचं कौतुक मी करणार नाही, बेगारीत राबलेल्यांची नातवंडं इथं वाचत असतील. पण जागा कुणाच्या घशात जात नव्हती. मग १९५० चा मालकी हक्क संपुष्टात आणणारा मध्य प्रदेशचा कायदा आला (तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो), तो ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला. तलाव, पडीत, गायरान, जंगल सगळं सरकारजमा झालं. मालगुजार गेला ते बरंच झालं. पण त्याच्या जागी गाव आलं नाही, खातं आलं.

मामा तलावांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. माजी मालगुजारी तलाव सरकारचे झाले आणि गाळानं भरले, कारण गाळ काढायचं काम आता 'त्यांचं' होतं. दानीचं तेच झालं. फरक एवढाच की तलावाला निदान नकाशात निळा रंग आहे. दानीला कागदच नाही. कागद नाही म्हणून कुणी तिथं खताचे खड्डे केले, कुणी दोन काकऱ्या धुरा सरकवला, पुढे गोदाम झालं, समाजमंदिर झालं, मुरूम उपसला गेला. २०१४ ते २०२१ पट बंद असताना तर विचारायलाच कुणी नव्हतं. बंदी उठली तेव्हा धुरकरी उभा राहिला आणि बघतो तर धावायला जागाच नाही.

आता जे चाललंय ते बघा. गावात चार पुढारी ठरवतात, शेत भाड्यानं घेतात, जेसीबी लावून धुरे पाडतात, दोन दिवसांत पट्टी तयार. वरून सपाट, आतून भुसभुशीत. बैलाचा पाय खचतो. पट झाला की शेतकरी पुढचा महिनाभर धुरे बांधत बसतो. पुढच्या वर्षी तो म्हणतो, "काहून गा देऊ? लाखोळी तुडवून टाकली तुमी माही." त्याचं काय चुकलं? जिथं इटियाडोहाचं पाणी पोचतं तिथं उन्हाळी धान आहे, तिथं बांधी रिकामी राहतच नाही. म्हणून पट दरवर्षी नव्या जागेवर, नव्या पुढाऱ्याच्या मेहरबानीवर. गावाचा सण आता गावाचा राहिला नाही, ज्याच्या नावाचा फलक त्याचा झाला. निवडणूक असली की तीन पट, नसली की एकही नाही.

दुसरे आहेत विकासवाले. त्यांना जागा दिसली की पेव्हर ब्लॉक आठवतो. 'क्रीडांगण विकास' म्हणून भिंत, गेट, कुलूप, कोनशिला. भिंतीच्या आत ना ढोरं चरतात ना जोड्या धावतात. दोन वर्षांत आत बेशरमाची झाडं उगवतात आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

तिसरे सगळ्यात धोक्याचे. ते म्हणतात, "गायरान मोकळं करा, अतिक्रमणं उठवा, दान काढा." ऐकायला बरं वाटतं. पण उठवताना पहिली झोपडी उठते ती भूमिहीनाची. गोदामाला हात लागत नाही. आणि गायकी, शेळ्यावाला, दोन गाई पाळणारी विधवा, यांना कुणी विचारत नाही की बाई, तुझी ढोरं आता कुठं जातील?

इथं तुम्हाला जरा लांब घेऊन जातो. गोल्फचं नाव ऐकून हसू नका, गोष्ट आपलीच आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात साउथ यूइस्ट नावाचं बेट आहे. वारा, पाऊस, मेंढ्या, गाई आणि छोट्या तुकड्यांवर जगणारे शेतकरी. त्यांना तिकडे क्रॉफ्टर म्हणतात. हे बेट एका जमीनदार घराण्याच्या मालकीचं होतं. त्याच घराण्यातल्या कर्नल गॉर्डनने १८५१ मध्ये इथल्या कुळांना घरांतून काढून जहाजांत भरून कॅनडाला धाडलं होतं. पुढे १८९१ मध्ये याच इस्टेटीनं ओल्ड टॉम मॉरिस या त्या काळच्या नामांकित गोल्फपटूला बोलावून आस्कर्निश इथं समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर मैदान आखून घेतलं. साहेबलोकांचा खेळ, कुळांची जमीन.

काळ बदलला, मैदान विसरलं गेलं. काही भागात खेळ चालू राहिला, बाकीच्या टेकड्यांवर गवत माजलं, ढोरं चरत राहिली. २००५ मध्ये मैदानाची निगा राखणारा एक जाणकार तिथं गेला आणि त्याला त्या टेकड्यांत जुन्या मैदानाच्या खुणा दिसल्या. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, बेटावरच्या लोकांनी स्वतःची संस्था काढून जमीनदाराकडून इस्टेटच विकत घेतली. ९० हजार एकरांहून जास्त जमीन. २००८ मध्ये जुनं मैदान पुन्हा सुरू झालं. टेकड्या तोडल्या नाहीत, मोठी माती हलवली नाही. हिवाळ्यात आजही तिथं ढोरं चरतात.

पण सगळे नाचले नाहीत. काही क्रॉफ्टर म्हणाले, ही आमची सामाईक चराई आहे, आमच्या हक्काचं काय? आणि ते जमिनीच्या कोर्टात गेले. लक्षात घ्या, मालक आता जमीनदार नव्हता, त्यांची स्वतःची संस्था होती. तरी भांडण झालं. म्हणजे जमीन 'लोकांची' झाली म्हणून चारणाऱ्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही. त्याला वेगळं विचारावं लागतं. हा धडा आपल्याला फुकट मिळतोय, घेऊन ठेवू.

तुम्ही म्हणाल, ते श्रीमंत देश, बेट विकत घेतात. आपण कुठून आणायचे पैसे? राजेहो, आपल्याला विकत घ्यायचीच नाही. आपल्याकडे कायदा आहे, तो वाचायचा आहे.

पहिला, निस्तार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १६१ आणि त्याच्या पुढची कलमं. ही कलमं मुळात आपल्या विदर्भासाठीच ठेवलेली आहेत, कारण मालगुजारी गेल्यावर गावाचे हक्क कुठंतरी लिहून ठेवायला हवे होते. गावातल्या पडीत जमिनीचा वापर कसा करायचा, चराई कुठं, सरपण कुठं, हे निस्तार पत्रकात असतं. ते गावकऱ्यांना विचारून करायचं असतं आणि ग्रामपंचायतीने मागणी केली तर जिल्हाधिकारी चौकशी करून नोंद बदलू शकतात. त्याच्याच जोडीला वाजिब-उल-अर्ज आहे, त्यात वहिवाट, पाणी, मासेमारी यांच्या गावच्या चालीरीती लिहिल्या जातात. तुमच्या गावाचं निस्तार पत्रक तुम्ही कधी पाहिलं आहे का? एका कचेरीत मी मागितलं तर बाबू म्हणाला, "हे काय असते?" तिसऱ्या फेरीला कपाटामागून बस्ता निघाला. तेव्हा लाजू नका, मागा.

दुसरा, झुडपी जंगल. इथं नीट लक्ष द्या. ज्याला आपण गायरान म्हणतो ते सातबाऱ्यावर अनेकदा 'झुडपी जंगल' असतं. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे ही जमीन वनच मानायची. त्या दिवसापासून अनेक जण डोक्याला हात लावून बसले आहेत, की आता वनखातं पटही बंद करेल. मी उलट म्हणतो. वन आहे ना? मग वनहक्क कायदा २००६ लागू करा. त्या कायद्यात 'वनजमीन' या शब्दात मानीव वनही येतं. कलम ३ च्या पोटकलम १ मध्ये निस्ताराचे सामूहिक हक्क आहेत, चराईचे आहेत आणि शिकार सोडून परंपरेने चालत आलेल्या इतर हक्कांसाठीही जागा आहे. पिढ्यान् पिढ्या जिथं ढोरं चरली आणि वर्षातून दोन दिवस जोड्या धावल्या, ती परंपरा नाही तर काय आहे? ग्रामसभेने दावा टाकावा. मान्य होईल की नाही ते नंतर. दावा न टाकता रडण्यात अर्थ नाही.

हे जमतं का? वडशापासून धानोरा तालुका किती दूर आहे? तिथल्या मेंढा (लेखा) गावाने याच कायद्याखाली २००९ मध्ये १८०० हेक्टरवरच्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये केंद्राच्या वनमंत्र्यांना गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात द्यावा लागला. एवढं मोठं जंगल मिळतं, तर एक चराईचं रान आणि त्यातली एक पट्टी मिळणार नाही?

तिसरा, अतिक्रमण. २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. १२ जुलै २०११ ला राज्याचा शासन निर्णय निघाला. पण त्याच निकालात भूमिहीन मजुरांचा आणि जिथं आधीच शाळा, दवाखाना आहे अशा जागांचा अपवाद ठेवला आहे. म्हणजे न्यायालयालाही झोपडी आणि गोदाम यातला फरक कळतो. आपल्याला का कळू नये?

आता आक्षेप. ते येणारच.

"बैलांचे हाल होतात." होतात, जिथं होतात तिथं. मी लपवणार नाही. चाबूक, काठी, विजेचा झटका कायद्याने बंद आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तरी पराण्या लपवून नेणारे आहेत आणि ते आपल्यातलेच आहेत. पण खड्ड्यात पाय मोडणारा बैल कुणाच्या पापाचा? दोन दिवसांत जेसीबीनं काढलेल्या पट्टीच्या पापाचा. नियमांतच लिहिलंय की जागा खडकाळ, चिखलाची, उताराची नको. पक्की, जुनी, गावाच्या डोळ्यांखालची दान ही बैलाच्या बाजूची गोष्ट आहे. आणि ग्रामसभेचा पट असेल तर काठी मारणाऱ्याला बाहेर काढण्याची हिंमतही ग्रामसभेत येईल. पुढाऱ्याच्या पटात त्याच्याच भाच्याची जोडी असते, कोण काढणार?

"आता बैल राहिलेत कुठं? सगळे ट्रॅक्टर." खरं आहे. म्हणूनच चराईचं बोलतोय. हार्वेस्टरनं धान कापलं की तणसही धड हाती लागत नाही. गायरान गेलं, तणस गेली, मग बैल ठेवायचा कशाच्या जोरावर? आज पटाचा बैल पाळणं हा पैसेवाल्याचा शौक झालाय. पूर्वी नांगराचाच बैल पटाला यायचा, अन् गरिबाची जोडी मालगुजाराच्या जोडीला मागं टाकायची, तेव्हा अख्खं रान ओरडायचं. ती मजा पटात होती. चराई परत आली तर ती मजा थोडीतरी परत येईल.

"पोरांना रोजगार नाही आणि तुम्ही दान घेऊन बसले." रोजगाराचंच बोलतोय भाऊ. पट ठरला की नाटक ठरतं. नाटक ठरलं की नट, वादक, पडदेवाला, मंडपवाला, लायटिंगवाला, चहा-चिवड्याची दुकानं, सगळ्यांच्या चुली पेटतात. वडशाचा हंगाम दिवाळी ते होळी याच आधारावर उभा आहे. झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो टाकले. चांगलं केलं. पण ते नाटक ज्या गावजत्रेच्या मातीवर उभं राहिलं, ती माती कुणाच्या सातबाऱ्यावर चालली आहे हे बघायला कुणी गेलं का?

तर करायचं काय? माझ्या डोक्यात आहे ते लिहितो, तुमच्या डोक्यात याहून बरं असेल तर सांगा.

एक. गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन दान कुठं होती ते पायांनी दाखवून घ्या. पटवाऱ्याकडून त्या जागेचा गट नंबर आणि वर्ग काढा. गायरान, झुडपी, तलाव की कुणाचं खाजगी शेत, आधी हे कळू द्या. खाजगी असेल तर ते सोडा, तिथं हक्क सांगू नका.

दोन. ग्रामसभेच्या आधी चारणाऱ्यांची वेगळी बैठक घ्या. गायकी, शेळ्यामेंढ्यावाले, दूध विकणाऱ्या बाया. त्यांनी सांगितलं की या चार महिन्यांत ढोरं इथं लागतात, तर त्या चार महिन्यांत पट नाही. पट वर्षातून दोन-तीन दिवस, चराई बाकी वर्षभर. हे लिहून घ्या, त्यांच्या सह्या-अंगठ्यांसह.

तीन. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ज्या ग्रामसभेला जमेल तिथं ठराव मांडा. निस्तार पत्रकात नोंद मागा. वनजमीन असेल तर सामूहिक दावा टाका. ठरावात साफ लिहा: भिंत नाही, सिमेंट नाही, कोनशिला नाही, भाडेपट्टा नाही.

चार. दान श्रमदानानं काढा. जेसीबी बोलावला की बिल येतं, बिल आलं की पुढारी येतो, पुढारी आला की फलक येतो.

पाच. पटाचा हिशेब ग्रामसभेत वाचा. उरलेल्या पैशातून आधी गुरांच्या पाण्याची सोय, मग पुढच्या वर्षीचं बक्षीस.

यात सरकारचा रुपया लागत नाही. लागतो तो वेळ, आणि चार लोकांचा वाईटपणा घेण्याची तयारी. गोदामवाला नाराज होईल. फलकवाला नाराज होईल. धुरा सरकवणारा तर आपलाच चुलता असेल, तो दोन वर्षं बोलणार नाही. होऊ द्या.

पुढाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. तुमचं बक्षीस ठेवा, मोटारसायकल ठेवा, आम्ही टाळ्या वाजवू. पण पट भरवायला तुमची परवानगी लागते असं पोरांना वाटायला लागलंय, ते आम्हाला मोडायचं आहे. आपल्या बोलीत पट्टीला दान म्हणतात खरं. पण ती कुणी दिलेली दान नाही, ती गावाची आहे.

तुमच्या गावाची दान कुठं होती, आज तिथं काय आहे, खाली लिहा. गावाचं नाव लिहा, माणसाचं नको. पटलं तर पुढं पाठवा, विशेषतः त्या सरपंचाला, ज्याच्या पटाचा फलक वडशाच्या चौकात सगळ्यात मोठा आहे.